कवड्या म्हणून सांगितलेली मण्यार

रशिदाभाभी अत्तार यांना दिवसभरात दोन तऱ्हेचे फोन येतात. पहिला, "भाभी, माझा ब्लाउज झाला का?" आणि दुसरा, "भाभी, पळत या, साप निघालाय!" पहिल्या फोनला त्या "उद्या" म्हणतात. दुसऱ्याला "आलो!" म्हणतात आणि खरोखरच शिवणयंत्रात कापड अडकलेलं तसंच सोडून उठतात.

गारगोटीच्या बाजारपेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. वय चव्वेचाळीस, बांधा ठेंगणा आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा माणूस वळून बघतो. वीस वर्षांपूर्वी दुकानात अस्तराच्या कापडाखाली एक धामण शिरली होती. शेजारपाजारचे काठ्या घेऊन आले, तेवढ्यात वनखात्यातला एक वयस्कर रखवालदार आला, त्यानं ती धामण अलगद उचलली आणि पोत्यात घालून चालायला लागला. भाभी त्याच्यामागं रस्त्यापर्यंत पळाल्या. "काका, मला शिकवा की हे!" चार वर्षं त्या त्याच्याबरोबर हिंडल्या. तेव्हापासून आमच्या भुदरगड तालुक्यात साप निघाला की पहिला फोन त्यांना.

मी इथल्याच शाळेत मास्तर आहे आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीच्या स्पर्धांना गुणलेखक म्हणून बसतो. त्यामुळं पुढची निम्मी हकिकत मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. उरलेली भाभींनी, त्यांच्या नवऱ्यानं म्हणजे टेम्पोवाल्या ख्वाजाभाईंनी आणि क्रांती चौगलेनं सांगितलेली.

गेल्या वर्षी भाभींची लेक जोया कोल्हापूरच्या कॉलेजातून सुट्टीला आली आणि आईच्या फोनमध्ये तिनं एक ॲप घालून दिलं. सापाचा फोटो टाकायचा, की ते नाव सांगतं, विषारी की बिनविषारी तेही सांगतं. भाभी आधी हसल्या. मग गंमत म्हणून जुने फोटो टाकून बघायला लागल्या. नाग टाकला, नाग म्हणालं. घोणस टाकली, घोणस म्हणालं. विरोळा, गवत्या, हरणटोळ, सगळे बरोबर! भाभी दुकानात नाचायच्याच बाकी राहिल्या. "अगं बया, ह्याला तर समदंच कळतंय!" समोरच्या चहावाल्याला बोलावून दाखवलं, गिऱ्हाइकांना दाखवलं, मलाही दाखवलं.

मग एकदा एका सापाला भाभी दिवड म्हणाल्या आणि ॲप दुसरंच काही म्हणालं. भाभींनी पुस्तक काढून पाहिलं, तर ॲपचं खरं निघालं. त्या दिवसापासून त्यांचा भरवसा पक्का बसला. माझ्यासमोर म्हणाल्या, "मास्तर, वीस वर्षांत मला जमलं न्हाय ते हे एका मिनिटात करतंय. आता मी म्हातारी झालो तरी गावाची काळजी न्हाय."

एक गोष्ट मात्र त्यात हळूहळू बदलली, आणि ती कुणाच्या ध्यानात आली नाही. पूर्वी कुणाला साप चावला असं कळलं की भाभी साप कसला हे विचारायच्याच नाहीत. आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर. आता लोक फोटो पाठवायला लागले, भाभी दुकानात बसून उत्तर द्यायला लागल्या. बिनविषारी असेल तर कशाला गरिबाची धावपळ? चार-पाच वेळा असं झालं. चारही-पाचही वेळा बरोबर निघालं.

दिवाळी पाच दिवसांवर आली होती. दुकानात एकतीस ब्लाउज कापून पडलेले. सकाळी पावणेसातला भाभी दातात दोरा धरून बसल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या खेड्यातल्या संयोगिता चौगले. त्यांची एकोणीस वर्षांची लेक क्रांती म्हणजे आमच्या भागातली नावाजलेली कबड्डीपटू. त्या दिवशी तिच्या संघाची स्पर्धा होती, नदीपलीकडच्या एका गावात. साडेसहाला गोठ्यात टांगलेल्या पिशवीतून गुडघ्याची पट्टी काढताना तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. पिशवी झटकली तर साप खाली पडला. आईनं त्याच्यावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं आणि कडेनं थोडं उचलून फोटो काढला.

"भाभी, फोटो धाडलाय. पोरगी म्हणतीय कायबी दुखत न्हाय, मुंगी चावल्यागत झालं नुसतं. तिला न्यायला गाडी दारात उभी हाय. जाऊ दे का नको?"

भाभींनी फोटो ॲपमध्ये टाकला. क्षणात उत्तर आलं: कवड्या, बिनविषारी, खात्री शहाण्णव टक्के.

"आधी मी नाव वाचलं," भाभी मला नंतर म्हणाल्या, "आन् मग फोटोकडं बघितलं. नाव वाचल्यावर मला त्यात कवड्याच दिसला. उलटं केलं असतं तर दिसला नसता."

त्यांनी संयोगिताताईंना सांगितलं, "कवड्या हाय. इख नसतंय त्याला. साबणानं बोट धुवा आन् पोरीला खेळू द्या. जिंकून आली की मला पेढं आणा!"

क्रांती गाडीत बसली. सापही सोडून दिला.

दहाच्या सुमाराला त्या गावच्या मैदानावर उपांत्य सामना सुरू झाला आणि क्रांतीनं एका चढाईत तीन जणी मारल्या. काय ते मैदान तापलं म्हणून सांगू! लाउडस्पीकरवरचा माणूस ओरडून ओरडून बसला. हलगी वाजत होती, पोरं झाडांवर चढून बसली होती. मी गुण लिहीत होतो, पण मध्येच पेन ठेवून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. सामना त्यांनी नऊ गुणांनी जिंकला. अंतिम सामना साडेअकराला, जयसिंगपूरच्या मुलींशी.

मधल्या वेळात क्रांतीनं प्रशिक्षक केरबासरांच्या फोनवरून आईला सांगितलं, "आई, जिंकलो! पोटात जरा कळा येत्यात, पण काय न्हाय, भूक असंल." आणि फोन सरांच्या पिशवीत गेला.

आईनं काळजीनं भाभींना आवाजी निरोप पाठवला. "भाभी, क्रांतीच्या पोटात दुखतंय म्हणं. ओवा खाल्ला तर चालंल न्हवं?"

भाभींनी निरोप ऐकला तेव्हा त्यांच्या हातात कात्री होती. ती तशीच खाली पडली. चावल्यावर जखम दुखत नाही, सुजत नाही, आणि काही तासांनी पोटात कळा येतात, असं कोणत्या सापाचं होतं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्यांनी फोटो उघडला. ॲपमध्ये टाकला नाही. नुसता बोटांनी मोठा केला आणि खिडकीकडं धरला.

डालग्याखाली अंधार होता. सापाचं डोकं दिसत नव्हतं, मधलं अंग आणि शेपटीकडचा भाग तेवढा दिसत होता. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचं नेमकं उलटं. या फोटोत बारीक टोकाकडं पट्टे दाट होत गेलेले होते. पाठीच्या मधोमध मण्यारीला असते तशी मोठ्या खवल्यांची रांगही दिसत होती.

"मण्यार!" भाभी एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की चहावाला पळत आला. "या अल्ला, मण्यार हाय ती!"

मण्यारीचं विष नागापेक्षाही जहाल. आणि पोरगी कबड्डी खेळत होती!

भाभींनी केरबासरांना फोन लावला. एकदा, दोनदा, पाचदा. पिशवीत वाजत राहिला असेल, हलगीपुढं कोण ऐकतंय? मग स्पर्धेच्या गावच्या आरोग्य केंद्रात लावला. तिथल्या डॉक्टर मोना मगदूम, वयानं तिशीच्या आतबाहेर, भाभींच्या ओळखीच्या.

"डॉक्टर, मैदानावर क्रांती चौगले म्हणून पोरगी हाय. मण्यार चावलीय सकाळी साडेसहाला. मी कवड्या सांगितला. माझी चूक हाय."

"भाभी, माझ्या हातात बाळंतीण आहे, मला इथून हलता येत नाही. शिपायाला मैदानावर पाठवते. लस काढून ठेवते, ॲम्ब्युलन्स बोलावते. तुम्हीही निघा!"

ख्वाजाभाई झेंडूनं भरलेला टेम्पो घेऊन नुकते बाजारात आले होते. भाभी धावत गेल्या आणि पुढच्या सीटवर चढल्या.

"अजी, गाडी निकालो!"

"अगं, फुलं उतरायची हाईत की!"

"राहू द्या फुलं! पोरगी मरतीय!"

ख्वाजाभाईंनी चावी फिरवली. टेम्पो जो सुटला तो सुटलाच. मागची ताडपत्री बांधलेली नव्हती, प्रत्येक वळणावर झेंडू रस्त्यावर सांडत होता. उसाचे ट्रॅक्टर आडवे येत होते, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. भाभी खिडकीतून अर्ध्या बाहेर झुकून ओरडत होत्या, "बाजूला घ्या पावणं! बाजूला!" त्या आवाजाला ट्रॅक्टरही बाजूला झाले. अर्ध्या तासाचा रस्ता ख्वाजाभाईंनी सतरा मिनिटांत कापला. आजही विचारलं तर ते म्हणतात, "मला ठावं न्हाय गाडी कुणी चालवली."

इकडं अंतिम सामना सुरू झालेला. क्रांती पहिल्यासारखी वाटत नव्हती. पापण्या जड दिसत होत्या, मला वाटलं ऊन लागलंय. तिसऱ्या चढाईला तिनं मध्यरेषा ओलांडली आणि तिचं "कबड्डी, कबड्डी" तोंडातच घोळायला लागलं. शब्द फुटेना. पंचांनी शिट्टी मारली, दम तुटला म्हणून बाद. मैदान हुर्यो करायला लागलं. तिचा दम तुटलेला आजवर कुणी पाहिला नव्हता! मी कागदावर खूण केली, आणि पेन टेकवतानाच मला काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण मी काही बोललो नाही. गुणलेखकानं बोलायचं नसतं असं आपलं मनाला सांगितलं. ते मला अजून टोचतं.

आरोग्य केंद्राचा शिपाई गर्दीच्या कडेला पोचला होता, पण त्याला कुणी आत सोडेना. तेवढ्यात गर्दीच्या पलीकडं झेंडूनं भरलेला टेम्पो करकचून थांबला. सुताचे धागे अंगभर चिकटलेली, गळ्यात माप घ्यायची टेप असलेली एक बाई माणसांना कोपरानं ढकलत आत आली आणि थेट मैदानात घुसली.

"खेळ थांबवा! ए, थांबवा रे!"

दोन कार्यकर्ते तिला अडवायला धावले. "ओ बाई, कुठं चाललासा? फायनल हाय!"

"तिला मण्यार चावलीय!"

हलगी थांबली. लाउडस्पीकरची घरघर ऐकू यायला लागली. क्रांती बाजूच्या बाकावर बसली होती. भाभींनी तिची हनुवटी धरली. "वर बघ. डोळं उघड बघू."

"उघ… उघडंनात," क्रांती म्हणाली. जीभ जड झाली होती.

केरबासर बाकाकडं धावले. मी खुर्ची उलटवून धावलो. पण आमच्या सगळ्यांच्या आधी क्रांतीला उचललं ते जयसिंगपूरच्या मुलींनी. चौघींनी चार बाजूंनी धरलं आणि टेम्पोपर्यंत पळत नेलं, झेंडूच्या ढिगावर आडवं केलं. ख्वाजाभाईंनी तिथून आरोग्य केंद्रापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

डॉक्टर मोना दारात उभ्या होत्या. बाळंतीण मोकळी झाली होती, आतून तान्ह्या पोराचं रडणं ऐकू येत होतं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, नाडी बघितली आणि सलाइनमधून सर्पदंशाची लस सुरू केली. दहा बाटल्या. ॲम्ब्युलन्स आली. वाटेत क्रांतीचा श्वास उथळ होत गेला, तेव्हा डॉक्टरांनी तोंडावर श्वास देणारी रबरी पिशवी लावून हातानं दाबायला सुरुवात केली. कोल्हापूर येईपर्यंत, दीड तास, त्या ती पिशवी दाबत होत्या. हात थकला की भाभी दाबायच्या. डॉक्टर मोजायच्या, भाभी दाबायच्या.

"मला समदं ऐकू येत हुतं," क्रांती नंतर म्हणाली. "डोळं उघडत नव्हतं, बोट हलत नव्हतं. पण भाभी सारखं म्हणत हुत्या, 'पोरी, दम सोडू नको, दम सोडू नको.' मी मनात म्हटलं, मी कशाला सोडतोय?" आमच्याकडच्या बायका-मुली अशाच, 'सोडतेय' न म्हणता 'सोडतोय' म्हणणाऱ्या.

कोल्हापूरच्या दवाखान्यात तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. तीन दिवस. ते यंत्र मात्र नीट चाललं, आणि त्याच्याजवळ दिवसरात्र एक नर्स बसून होती.

संयोगिताताई दवाखान्यात आल्या तेव्हा भाभी जिन्यातच त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. सबब सांगितली नाही. "ताई, चूक माझी हाय. यंत्रानं कवड्या सांगितला, आन् मी डोळं झाकून तुम्हाला तेच सांगितलं."

संयोगिताताई म्हणाल्या, "मी यंत्राला फोन केला नव्हता भाभी. तुम्हाला केलता. तुमच्या शब्दावर पोरगी धाडली मी."

भाभी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसल्या. कॉलेजातून आलेली जोया आईला सावरायला म्हणाली, "अम्मी, फोटोच खराब होता, त्यात ॲपचा काय दोष?" भाभी लेकीवर उखडल्या. "दोष मी ॲपला देत न्हाय! फोटो खराब हाय हे त्याला कळलं न्हाय, पर मला कळायला पायजे हुतं. त्याला ती पोरगी ठावं न्हाय. मला ठावं हुती."

चौथ्या दिवशी सकाळी क्रांतीच्या पापण्या हलल्या. मग बोटं. घशात नळी होती म्हणून तिनं खुणेनं कागद मागितला. मी तिथं होतो, माझ्याच वहीचं पान फाडून दिलं. वेड्यावाकड्या अक्षरांत तिनं लिहिलं: "सर, ती चढाई बाद धरू नका." आम्ही सगळे हसलो आणि रडलो, नर्ससुद्धा. गुणांचा कागद त्याच वहीत होता, मी तिथल्या तिथं खूण खोडली. सामना तसाही अर्ध्यावरच थांबला होता. नियमानं ढाल जयसिंगपूरला जायची होती, पण त्या मुलींनी ती क्रांतीच्या गावी पाठवून दिली. तिथं ती अजून देवळात टांगलेली आहे.

दिवाळीचे एकतीस ब्लाउज राहिले ते राहिलेच. कुणी भांडायला आलं नाही.

पुढं भाभींनी जे केलं ते मला सगळ्यात धाडसाचं वाटतं. आपली चूक त्यांनी गावोगाव सांगायला सुरुवात केली. ग्रामपंचायतीत, शाळेत, दूध डेअरीच्या कट्ट्यावर. तोच फोटो मोठा छापून घेतला होता. तो उभा धरायच्या आणि विचारायच्या, "हा कसला साप?" लोक काहीबाही बोलायचे. मग सांगायच्या, "यंत्र कवड्या म्हणालं. मी पण कवड्या म्हणालो. हाय मण्यार." आणि मग सगळी हकिकत, स्वतःला जराही न वाचवता.

एका गावात एक म्हातारे उठून म्हणाले, "बाई, मग तुझ्यावर तरी का म्हून भरवसा ठेवायचा आमी?"

भाभींचा चेहरा उजळला. "आत्ता बरोबर बोललासा आण्णा! ठेवूच नका! साप चावला तर माझ्यावर ठेवू नका, फोनवर ठेवू नका. डॉक्टर गाठा!"

ॲप त्यांनी काढून टाकलेलं नाही. पकडलेल्या सापाचं नाव पडताळायला वापरतात, आणि ते चुकलं की मुद्दाम मला फोन करून सांगतात, जणू क्रिकेटचा निकाल. संयोगिताताई दोन महिने दुकानाकडं फिरकल्या नाहीत. मग एक दिवस आल्या, कापड समोर ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "संक्रांतीला पायजे." भाभींनी तो ब्लाउज दुसऱ्याच दिवशी दिला. दुकानाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं.

गेल्या महिन्यात मी दुकानात बसलो असताना नेसरीकडून एका माणसाचा फोन आला. बायकोच्या पायाला साप चावला, फोटो पाठवलाय, जरा बघा.

"फोटो मी बघत न्हाय. गाडी हाय का दारात?"

"हाय, पर आधी सांगा की इखारी हाय का…"

"गाडीत बसा! फोन चालू ठेवा, दवाखान्यात पोचंपर्यंत मी बोलत ऱ्हातो!"

चाळीस मिनिटं त्या बोलत होत्या. बाई कशी आहे, डोळे उघडतात का, बोलते का, पाय हलवू देऊ नका. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं श्वास रोखून ऐकत होती. शेवटी पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, तेव्हा भाभींनी फोन ठेवला आणि घटाघटा पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी तो माणूस बायकोला घेऊन स्वतःच दुकानात हजर झाला. वैतागलेला. "ओ भाभी, एक दिवस ठेवून घेतलं तिथं, काय न्हाय निघालं! धामण हुती म्हणं! कामाचा खाडा झाला की माझा!"

"धामण?" भाभी खुर्चीवरून उठल्याच. "नुसती धामण?" त्यांनी त्या बाईचे दोन्ही हात धरले आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की समोरचा चहावाला न सांगता चार कप घेऊन आला.